पावसाला कशाला बोल लावता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कारखान्यांच्या रखडलेल्या बांधकामांवरचा लेख वाचला. पत्र त्याच दिवशी लिहिणार होतो, पण घरच्यांनी म्हटलं, आधी जेवून घ्या. म्हणून आज लिहितोय.

लेखकमहाशयांनी सगळं खापर फोडलंय ते पावसावर आणि उरलंसुरलं कामगारांवर. वाचून वाटलं, त्यांनी कधी साइटवर बूट चिखलात घातलेले नसावेत. मृग ७ जूनच्या आसपास निघतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बिहारची पोरं होळीला आणि छटपूजेला गावी जातात, हेही दरसाल ठरलेलं. जे कॅलेंडरवर छापलेलं आहे, ते अचानक कोसळलं असं कसं म्हणायचं?

बेळगावच्या उद्यमबागेत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. चार वर्षांपूर्वी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या विस्ताराचं काम मिळालं होतं. बॉयलर दसऱ्याला पेटवायचा म्हणजे पेटवायचा, असं ठरलेलं. एप्रिल संपता संपता आमचे चौदा कॉलम, म्हणजे लोखंडी खांब, ट्रेलरवर चढवून नेले. सकाळी साडेनऊला हायड्रा क्रेननं पहिला कॉलम उचलला, पायाच्या काँक्रीट पेडेस्टलवर आणला आणि तसाच लोंबकळत ठेवला. पायातले बोल्ट कॉलमच्या बुडाला जोडलेल्या बेसप्लेटीच्या भोकांत शिरेनात. ऑपरेटर खाली उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मालक, ह्यो खांब ह्या पायाचा न्हवंच."

टेप लावली. पायातल्या बोल्टांचं अंतर ४५० मिलिमीटर, आमच्या भोकांचं ५००. सिव्हिलवाल्यानं बोल्ट बसवले नकाशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून, आम्ही कॉलम केले चौथीवरून. त्याची चूक नाही, माझीही नाही. बॉयलर पुरवणाऱ्यानं मध्येच लोड वाढवले, म्हणून नकाशा बदलला. ती चौथी आवृत्ती कारखान्याच्या प्रोजेक्ट ऑफिसात व्यवस्थित फाइल करून ठेवलेली होती. फक्त ऑफिसपासून पायाच्या खड्ड्यापर्यंतचं दोनशे पावलांचं अंतर तिला चालवलं नाही.

उपाय सरळ होता. ४५०च्या भोकांच्या नव्या बेसप्लेटी करायच्या, जुन्या कापून त्या जोडायच्या. माझ्याकडं तीन दिवसांचं काम. पण लोड वाढलेले, तेव्हा सल्लागाराची सही हवी. ते बरोबरच आहे, सहीशिवाय मीही हात लावला नसता. पण सल्लागार पुण्यात, त्यांचे साहेब परगावी, आणि कारखान्याचं पत्र कुणी लिहायचं यावर दोन खात्यांचं जमेना. सही यायला एकोणीस दिवस लागले. तीन दिवसांच्या कामाला बावीस दिवस! हायड्राचं भाडं रोजचं चालूच. माझी माणसं कॉलमच्या सावलीत बसून पत्ते कुटत होती.

पुढं काय झालं ते सांगायला नको. वर पत्रे चढायच्या आत मृग आला. ती काळी रेगड एकदा भिजली की क्रेनची चाकं तिथंच रुततात. दसरा गेला, दिवाळी गेली, ऊस कागलकडच्या कारखान्यांना गेला. कारखान्याच्या अहवालात कारण काय लिहिलं? अतिवृष्टी. तुमच्या लेखकांनी बहुधा तोच अहवाल वाचला असावा.

आणि दंड कुणाला? आम्हाला. करारात आठवड्याला अर्धा टक्का लिहिलेलाच होता, तो बिलातून मुकाट्यानं कापला. राहिलेलं बिल यायला आठ महिने लागले. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा २००६चा कायदा आहे म्हणे. ते व्याज मागणाऱ्याला पुढचं काम देणारा कारखाना मला दाखवा, मी हार घेऊन येतो.

भूमिपूजनाचा नारळ फोडायच्या आधी बॉयलर-टर्बाइनच्या ऑर्डरी जाऊ द्या. मशीनचं वजन आणि बोल्टांच्या जागा कळल्याशिवाय पाया ठरत नाही. नकाशा बदलला की जुनी प्रत साइटवरून गोळा करून फाडून टाका. एवढं झालं तरी निम्मा उशीर टळेल, असा माझा तीस वर्षांचा अंदाज. पण नारळाला फोटोग्राफर येतो, नकाशा फाडायला कोण येणार?

जाता जाता आणखी एक. तुमच्या लेखात 'क्रिटिकल पाथ'चं भाषांतर 'गंभीर मार्ग' असं केलंय. १९५७च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत बसवलेलं हे गणित. ज्या कामांच्या साखळीत एक दिवस चुकला की अख्खा प्रकल्प एक दिवस मागं जातो, ती साखळी. तुमचा 'गंभीर मार्ग' वाचून मला वाटलं पुणे-बंगळूर हायवेवर अपघात झालाय. मराठी जपा, आम्ही सीमाभागातले लोक त्यासाठी कमी भांडलेलो नाही. पण कळेल अशी तरी जपा.

त्या कापलेल्या चौदा जुन्या बेसप्लेटी अजून कारखान्याच्या आवारात गंजत पडल्यात. गेल्या महिन्यात भंगारवाला घेऊन गेलो होतो. गेटवर म्हणाले, सही लागेल.

आपला,
एक फॅब्रिकेटर, उद्यमबाग, बेळगाव