तापाच्या केसपेपरवर किडनीचा रकाना हवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

स.न.वि.वि.

मागणी आधीच सांगते. पत्र लांबलं की मागणी शेवटच्या पानावर जाते आणि तिथवर कुणी पोहोचत नाही. विषाणूजन्य तापाने दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ; किडनी बिघडली की तो रक्तात वाढतो) दाखल करतानाच तपासलं जावं. ज्यांच्यात बिघाड दिसेल त्यांना तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं जावं. आणि जनावरांच्या प्रयोगशाळांत किडनीचे जे विषाणूजन्य आजार सापडतात, त्यांची खबर आपल्या खात्यालाही मिळावी.

मी माणसांची डॉक्टर नाही. मेलेली जनावरं आणि पक्षी उघडून मरणाचं कारण शोधणं हे माझं काम. तेव्हा जनावरांपासूनच सुरुवात करते.

कोंबडीची किडनी पाठीच्या कण्याला चिकटून, हाडांच्या खोबणीत बसलेली असते. निरोगी पक्ष्यात ती गडद तपकिरी दिसते आणि खोबणीबाहेर फारशी येत नाही. पण इन्फेक्शियस ब्राँकायटिस या कोंबड्यांच्या रोगाच्या विषाणूच्या काही जातींनी मेलेलं पिल्लू उघडलं की ती सुजून वर आलेली असते, रंग उडालेला असतो, आणि तिच्यावर पांढऱ्या बारीक रेषांची जाळी उठलेली असते. त्या रेषा म्हणजे लघवीवाटे बाहेर न पडलेले युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडचे, क्षार. मूत्रवाहिनी कापली तर आत पांढरा घट्ट लगदा निघतो. कधीकधी हृदयाच्या आवरणावर आणि यकृतावरही त्याचाच थर बसलेला असतो. पिल्लाला सर्दी होती, घशात घरघर होती, एवढंच पाळणाऱ्याने सांगितलेलं असतं, आणि ते खोटं नसतं. हा रोग 1931 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा नोंदला गेला तो श्वसनाचा रोग म्हणूनच. किडनी बिघडवणाऱ्या जाती 1960 च्या दशकात अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात समोर आल्या.

हा विषाणू कोरोना कुळातला आहे. 2020 मध्ये कोविडच्या रुग्णांच्या किडन्या अतिदक्षता विभागात बंद पडू लागल्या, तेव्हा श्वसनाच्या आजारात हे काय मध्येच, असा सूर उमटला होता. कोंबड्यांचा विषाणू आणि माणसांचा विषाणू एकाच कुळाच्या वेगवेगळ्या शाखांतले आहेत, आणि नुकसान करण्याची तऱ्हाही हुबेहूब सारखी नाही, हे मला मान्य आहे. पण छातीत शिरलेला कोरोना विषाणू किडनीपर्यंत जाऊ शकतो, हे जनावरांच्या डॉक्टरांना अर्धशतकापासून ठाऊक होतं. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही कुणाला सांगायला गेलो नाही.

कोंबड्यांपुरतंच हे नाही. क्लासिकल स्वाइन फीव्हरने मेलेल्या डुकराच्या किडनीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके विखुरलेले दिसतात. ॲडेनोव्हायरसने होणाऱ्या काविळीतून बरा झालेला कुत्रा पुढे सहा महिने, क्वचित त्याहूनही जास्त, लघवीवाटे विषाणू टाकत राहतो. बाहेरून कुत्रा ठणठणीत, पण विषाणू अजून किडनीत मुक्कामाला. मिंक या प्राण्यात अल्यूशियन रोगाचा पार्व्होव्हायरस स्वतः किडनी फारशी कुरतडत नाही. शरीर त्याच्याविरुद्ध भरमसाट प्रतिपिंडं तयार करतं, विषाणू आणि प्रतिपिंडांचे गठ्ठे किडनीच्या गाळणीत अडकतात आणि ती निकामी होते.

माणसातही नेमकं हेच घडतं. हिपॅटायटिस बी झालेल्या मुलांमध्ये असेच गठ्ठे गाळणीच्या पडद्यावर साचतात, लघवीतून प्रथिनं गळू लागतात, लघवीला फेस येतो, डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज येते. तैवानने 1984 मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढे मुलांमधला हा किडनीचा आजार घटला. लस यकृतासाठी दिली, वाचली किडनीही. एचआयव्हीची वाट वेगळी. तो थेट किडनीच्या पेशींत शिरतो, आणि एपीओएल1 या जनुकाचे ठरावीक प्रकार ज्यांच्यात असतात त्यांच्या गाळणीची घडी पार कोसळते. विषाणू थोपवणारी औषधं वेळेवर सुरू झाली तर हा धोका बराच कमी होतो. डेंग्यूत बहुधा तिसराच प्रकार असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब पडतो, किडनीला रक्त कमी पडतं. त्यातच अंग दुखतं म्हणून रुग्णाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलेलं असतं. शरीरात पाणी कमी असताना ही औषधं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी आवळतात. माझ्या मते तापाच्या साथीत वेदनाशामक गोळ्यांबद्दल जनतेला जितकं बजावायला हवं, त्याच्या पावपटही कुणी बजावत नाही.

माणूस आणि जनावर यांची सांगड किती घट्ट आहे ते हंटाव्हायरसने दाखवलं. कोरियन युद्धात, 1951 ते 1953 या काळात, संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना एका अनोळखी तापाने गाठलं. आधी ताप, मग रक्तदाब खाली, मग लघवी जवळजवळ बंद. त्यातून जे वाचत त्यांना पुढे भरमसाट लघवी होऊ लागे. कारण सापडेना. ते सापडलं 1976 मध्ये, हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञाला, तेही माणसात नव्हे, शेतात राहणाऱ्या पट्टेरी उंदराच्या फुप्फुसात. जवळच्या हंतान नदीवरून विषाणूला नाव मिळालं. उंदराला या विषाणूचा फारसा त्रास होत नाही. त्याची लघवी आणि लेंड्या वाळतात, त्यांची धूळ श्वासातून माणसात जाते आणि माणसाची किडनी बसते. याच गटातला सोल विषाणू शहरातल्या घुशी-उंदरांत असतो, आणि उंदीर तर जहाजांतून जगभर पोचलेत. 2017 मध्ये अमेरिका आणि कॅनडात हौसेने पाळलेल्या उंदरांकडून तो माणसांना झाला. अशा रुग्णाला ताप असतो, प्लेटलेट्स कमी असतात, क्रिएटिनिन चढलेलं असतं. घरात उंदीर आहेत का, हे विचारायला किती वेळ लागतो? पण केसपेपरवर तो प्रश्नच नसतो.

आता तुमच्या खात्याच्या फायलींविषयी. किडनीचे आजार असंसर्गजन्य रोगांच्या कप्प्यात ठेवलेले असतात, मधुमेह आणि रक्तदाबाच्या शेजारी. मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्यावर ठराव केला, त्याचं स्वागतच आहे, पण तोही याच कप्प्यातला. साथीचे रोग दुसऱ्या विभागाकडे, उंदीर-कोंबड्या तिसऱ्या मंत्रालयाकडे. विषाणूने बिघडवलेली किडनी यांपैकी कुणाच्याच टेबलावर येत नाही. ताप उतरला की साथ विभागाचं काम संपतं, आणि काही वर्षांनी तोच माणूस डायलिसिसला आला की कारणाच्या रकान्यात काहीतरी मोघम लिहिलं जातं.

म्हणून तीन महिन्यांनंतरच्या बोलावण्याचा मी हट्ट धरते आहे. दोन्ही किडन्यांत मिळून सरासरी वीस लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात, आणि गेलेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. उरलेले त्याचं काम अंगावर घेतात, त्यामुळे किडनीची निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिन ठीक दिसू शकतं. लघवीतलं प्रथिन अनेकदा त्याआधी बोलतं. ते पाहायला लघवीत बुडवायची एक पट्टी लागते, दवाखान्यातली नर्स ती मिनिटाभरात वाचते. किडनीला अचानक इजा झाली तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं सांगतातच. नवीन काही शोधायचं नाहीये.

नेटाने पाहत राहिलं तर काय साधतं, याचा दाखला किडनी प्रत्यारोपणात आहे. बीके विषाणू 1971 मध्ये प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडला. बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि किडनीत निपचित पडून राहतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की तो उठतो आणि नवी किडनी खातो. त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. तरी ठरावीक काळाने रक्त तपासून विषाणू लवकर पकडला आणि औषधांची मात्रा उतरवली, तर किडनी बऱ्याचदा वाचते. तिथे डॉक्टर त्रास दिसायची वाट पाहत बसत नाहीत. साध्या तापाच्या रुग्णाला यातलं थोडं तरी मिळावं.

एक सावधगिरीचा शब्दही लिहायला हवा, नाहीतर माझेच सहकारी मला धरतील. किडनीत विषाणू सापडला म्हणजे त्यानेच किडनी बिघडवली असं होत नाही. 2012 मध्ये हाँगकाँगमध्ये मांजरांत एक नवा मॉर्बिलीव्हायरस (गोवराच्या विषाणूच्या गटातला) सापडला आणि म्हाताऱ्या मांजरांच्या किडनीविकाराशी त्याचा संबंध जोडला गेला. नंतरच्या काही अभ्यासांत तो संबंध दिसला, काहींत दिसला नाही. उलट, प्रतिकारशक्ती नसलेले प्रयोगशाळेतले उंदीर किडनीच्या विकाराने वर्षानुवर्षं मरत होते, आणि त्यामागे एक पार्व्होव्हायरस आहे हे 2018 मध्ये कळलं. हे दोन्ही प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखायला नमुने लागतात, नोंदी लागतात, आणि दोन खात्यांतल्या माणसांना एकमेकांचे फोन नंबर माहीत असावे लागतात.

नवी संस्था काढा, असं मी म्हणत नाही. समित्याही पुरे झाल्या. तापाच्या केसपेपरवर तीन ओळी वाढवाव्या : लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, आणि उंदीर, पक्षी किंवा आजारी जनावरांशी आलेला संपर्क. घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख आणि टाळायच्या गोळ्यांची नावं असावीत. आमच्या प्रयोगशाळांचे किडनीसंबंधीचे अहवाल महिन्यातून एकदा तुमच्या साथरोग विभागाकडे यावेत आणि तिथे ते वाचणारा एक माणूस नेमलेला असावा. हे सगळं एका परिपत्रकात बसतं.

या पत्राची प्रत पशुसंवर्धनमंत्र्यांनाही पाठवली आहे. उत्तर दोघांचं मिळून एकच आलं तर बरं.

कळावे,

आपली विश्वासू,
एक पशुवैद्यकीय रोगनिदानतज्ज्ञ