तो आकडा व्हर्सायच्या तहात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे, आरसेमहालातल्या सह्यांचा प्रसंगही चांगला उतरला आहे. पण तिसऱ्याच परिच्छेदात ‘28 जून 1919 रोजी जर्मनीला 132 अब्ज सुवर्ण मार्कांच्या खंडणीवर सही करावी लागली’ असे वाक्य आले आणि माझा वाचण्यातला जीवच गेला. तहात हा आकडा नाही. 440 कलमे आहेत, त्यांतल्या एकातही नाही.

सह्या झाल्या तेव्हा एकूण किती द्यायचे हे ठरलेलेच नव्हते. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका यांचे आपसांत एकमत होईना, म्हणून ते काम नुकसानभरपाई आयोगाच्या गळ्यात घातले आणि 1 मे 1921 ही मुदत दिली. तोवर जर्मनीने सोने, माल, जहाजे, रोखे मिळून 20 अब्ज मार्कांचा भरणा करायचा होता. 132 अब्ज हा आकडा आयोगाने काढला तो एप्रिल 1921 मध्ये, आणि हप्ते ठरले ते पुढच्या महिन्यात, लंडनला. त्यातही 82 अब्जांचे रोखे जर्मनीची ऐपत दिसेपर्यंत काढायचेच नव्हते.

हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल या दोन जर्मन मंत्र्यांनी सही केली ती रकमेची जागा कोरी असलेल्या कागदावर. माझ्या मते या तहातला खरा जाच तिथे आहे. आकडा कितीही मोठा असो, तो समोर असला की माणूस भांडतो, हिशेब मांडतो, मुदत मागतो. कोऱ्या जागेशी भांडायचे कसे? लेखकाने आकडा आधीच भरून टाकला आणि नेमकी हीच गोष्ट वाचकापासून लपली.

‘खंडणी’ हा शब्दही इथे चालणार नाही. 1871 मध्ये युद्ध जिंकल्यावर जर्मनीच्या बिस्मार्कने फ्रान्सकडून 5 अब्ज फ्रँक घेतले, ती खंडणी. हरलात, पैसे मोजा, विषय संपला. 1919 मध्ये जेत्यांनी ‘झालेल्या नुकसानीची भरपाई’ अशी मांडणी केली. भरपाई मागायची तर नुकसानीची जबाबदारी कोणाची हे आधी लिहून घ्यावे लागते, म्हणून 231 वे कलम आले. तशीच कलमे ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही आहेत. ‘खंडणी’ म्हटले की ते कलम तिथे का आहे हेच कळेनासे होते.

एवढे मनाला लावून घेण्याचे कारण सांगते. मी इतिहास शिकवत असे. तीसेक वर्षांपूर्वी एका मोठ्या परीक्षेचे पेपर तपासायला होते. व्हर्सायच्या तहाच्या अटींवर चार गुणांचा प्रश्न होता आणि उत्तरसूचीत एक गुण ‘132 अब्ज मार्क’ या मुद्द्याला होता. एका विद्यार्थ्याने निळ्या शाईत, बारीक अक्षरात लिहिले होते, ‘तहात रक्कम दिलेली नव्हती, ती 1921 मध्ये ठरली.’ ‘नव्हती’ या शब्दाखाली पट्टीने रेघ ओढली होती. मी चारपैकी चार दिले. गठ्ठा नियामकांकडे गेला आणि परत आला. मी सांगून पाहिले की उत्तर बरोबर आहे, उत्तरसूची चुकली आहे. ‘सूचीत नाही ना, मग नाही,’ एवढेच ऐकायला मिळाले. चाराचा तीन मी माझ्या हाताने केला आणि बाजूला सही केली. नंतर लेखी कळवले, त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही. ते मूल कोण होते, कुठे गेले, मला कधी कळणार नाही. ती पट्टीने ओढलेली रेघ मात्र मी विसरलेले नाही. त्या दिवशी मी अडून बसायला हवे होते.

आणखी एक. लेखासोबतच्या नकाशाखाली ‘1919 नंतरचा जर्मनी’ असे छापले आहे आणि पूर्वेची सीमा ओडर व नायसे नद्यांवर दाखवली आहे. ती सीमा 1945 ची आहे! 1919 नंतर पूर्व प्रशिया जर्मनीकडेच राहिला होता. पोलंडला समुद्रापर्यंत जी पट्टी मिळाली तिने पूर्व प्रशिया उरलेल्या जर्मनीपासून तोडला गेला, आणि त्या पट्टीलगतच्या डान्झिग बंदराचे दुखणे पुढे 1939 पर्यंत ठसठसत राहिले. तुमच्या नकाशात पूर्व प्रशियाच जर्मनीत नाही, मग ती पट्टी कशाला तोडते आहे? लेखात दोन परिच्छेद डान्झिगवर आहेत आणि शेजारचा नकाशा ते खोटे पाडतो. छापण्याआधी कोणी दोन्ही एकत्र पाहिले नाहीत का?

दुरुस्ती जरूर छापावी, आणि ती आतल्या पानाच्या तळाशी नको, येत्या रविवारी पुरवणीत लेखाच्याच जागी द्यावी, बरोबर नकाशासह. माझ्याकडे इतिहास विचारायला एक मुलगी येते. काल तिने हा लेख नकाशासकट कापून प्रकल्पवहीत चिकटवून आणला. मी पेन्सिलीने आकडा खोडून बाजूला 1921 लिहिले, तर ती म्हणाली, ‘बाई, पण पेपरात छापलंय.’ वही तिला पुढच्या सोमवारी द्यायची आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका