दंड भरला म्हणजे लायसन्स वाचले, असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाळप हंगाम सुरू झाला की कराड-वाळवा पट्ट्यात महामार्गाच्या सेवारस्त्यावरून ऊस वाहणारे ट्रॅक्टर सर्रास उलट्या दिशेने येताना दिसतात, कारण पुढचा कट, म्हणजे दुभाजकातली वळायची जागा, लांब पडतो. मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून कलम 184 मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, उलट्या दिशेचा स्पष्ट उल्लेख आहे. सिग्नल तोडणे आणि चालवताना हातात मोबाइल धरणे हेही त्यातच येते. अशा चालकावर कारवाई व्हायलाच हवी. पण कारवाईला उत्तर कसे द्यायचे हे माहीत नसल्याने त्याला कायद्याने दिलेली संधीही वाया जाते.

चालक दंड भरतो आणि विषय मिटला असे समजतो. कलम 200 नुसार तडजोडीची रक्कम, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याचा दंड, भरली तरी लायसन्सवरची कारवाई टळत नाही. पोलिस कलम 206(4) खाली लायसन्स घेऊन आरटीओकडे पाठवतात. तिथे पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, म्हणजे गाडी चालवायला मनाई, होऊ शकते, दुसऱ्याला लायसन्स रद्द. ऊस वाहतूकदाराचा बहुतेक हंगाम त्या तीन महिन्यांत जातो. लायसन्स घेताना पोलिस जी पोच देतात तिच्यावर गाडी चालवता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

अपात्र ठरवण्याचा अधिकार आरटीओचा आहे, पोलिसांचा नाही. आरटीओलाही आधी म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि कारणे लेखी द्यावी लागतात. घोळ होतो तो नोटिशीत. ती लायसन्सवरच्या जुन्या पत्त्यावर जाते, परत येते आणि आदेश एकतर्फी होतो. नोटीस मिळाली तर लेखी म्हणणे द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. ई-चलन मालकाच्या नावे निघते, त्यामुळे त्या वेळी गाडी कोण चालवत होते याचा पुरावा याच टप्प्यावर मांडावा. आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांत कलम 19 खाली अपील करता येते. आदेश आलेले पाकीट टाकून देऊ नका. त्यावरचा टपालाचा शिक्काच मुदत केव्हा सुरू झाली ते सिद्ध करतो. अपिलात 'पोटावर पाय येतो' एवढेच लिहून भागत नाही. सुनावणी दिली नाही, कारणे नोंदवली नाहीत, पहिला गुन्हा दुसरा धरला, असे मुद्दे असतील तर ते आधी घ्यावेत.

कोर्टाने अपात्र ठरवले असेल तर वाट वेगळी. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर सत्र न्यायालयात 30 दिवसांत जावे लागते. निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज करावा, कारण नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. अनेक जण तारखा नकोत म्हणून गुन्हा कबूल करतात आणि आता अपीलच नाही असे मानून गप्प बसतात. पण कलम 20(5) प्रमाणे दोषसिद्धीवर अपील चालत नसले तरी वरचे कोर्ट अपात्रतेचा आदेश बदलू किंवा रद्द करू शकते. हा मुद्दा कित्येकदा घेतलाच जात नाही. अपात्रता एकाच वर्गाच्या वाहनापुरती ठेवा, अशीही विनंती करता येते. मात्र 184 खाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास खास कारण नोंदवल्याशिवाय कोर्टाला अपात्रता टाळता येत नाही, आणि ती पाच वर्षांपर्यंत असू शकते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अपील दाखल झाले की गाडी बाहेर काढणे. कोर्टाची अपात्रता अपिलामुळे आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज करून तसा आदेश मिळवावा लागतो. आरटीओच्या आदेशावरही स्थगिती मागूनच घ्यावी. ती नसताना चालवले तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते. अपील फसले तरी आदेशापासून सहा महिन्यांनी अपात्रता उठवण्याचा अर्ज त्याच कोर्टाकडे किंवा अधिकाऱ्याकडे करता येतो. तो फेटाळला तर पुढचा तीन महिन्यांनंतरच.

सातारा, कराड आणि सांगली येथील परिवहन कार्यालयांना विनंती आहे की, अपात्रतेच्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी अपील कोणाकडे करायचे आणि शेवटची तारीख कोणती, हे ठळक मराठीत छापावे. साखर कारखान्यांनीही वाहतूक करार करताना चालकाच्या लायसन्सची सद्यस्थिती लायसन्सच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर तपासावी.

आपला,
एक वकील, कराड