माद्रिदमधली काका मंडळी

माद्रिद

ती. अण्णाकाकांस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, क्लास लावूनसुद्धा स्पॅनिश कळत नाही म्हणजे काय? कळतं हो, पण पुस्तकातलं. रस्त्यावर चालतं ते निराळंच.

एक तर इथे जो तो दुसऱ्याचा काका. 'तियो' म्हणजे काका, मामा, कुणीही. पण पोरं ते 'अरे यार'सारखं वापरतात. मुलींचं 'तिया'. परवा मेट्रोत कॉलेजातल्या दोघी एकमेकींना आत्या-मावशी म्हणत कडाकडा भांडत होत्या, मला हसू आवरेना. दुसरा शब्द 'बाले'. ठीक, चालेल, कळलं, पुरे आता, सगळं त्यातच. फोन ठेवताना तर "बाले, बाले, बाले" असा जपच चालतो. पैशाला म्हणतात पास्ता. आणि परदेशी टूरिस्ट म्हणजे 'गिरी'. उन्हाने लालबुंद झालेला, सँडलमध्ये मोजे घातलेला गोरा हा अस्सल गिरी. मी त्यात बसत नाही, असं ऑफिसातली मंडळी म्हणतात. बरंच आहे.

पण तुम्हाला मुद्दाम कळवायचंय ते पुढचंच. पोरगा 'चावाल', काम 'कुर्रो', एखादी गोष्ट झकास वाटली की 'मोला', चोरणं 'चोरार'. हे शब्द आले 'कालो'तून, म्हणजे इथल्या जिप्सींच्या बोलीतून. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडून, उत्तर हिंदुस्थानातून निघालेले. स्पेनमधली त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ ची, आरागॉनच्या राजाने दिलेल्या प्रवास-परवान्यातली. पुढच्या राजांनी मात्र छळलं. बोलीवर बंदी घातली, १७४९ मध्ये तर देशभर एकदम धरपकड करून बायका-मुलांसकट डांबलं. आज त्याच बोलीतले शब्द बँकेतला टायवाला साहेबही बिनदिक्कत वापरतो. जिप्सी शेजारी मात्र अजून पुष्कळांना नको असतो. 'चावाल' आणि आपला 'छावा' एकाच मुळाचे. 'मोला'मागे आपलं 'मोल' आहे. चोराचं तर सांगायलाच नको.

त्या चोरालाच इथे 'चोरिथो' म्हणतात. आणि चोरिथो म्हणजे सॉसेजही, आपल्या गोव्याच्या चोरीसचा सख्खा भाऊ. २०११ मध्ये पुएर्ता देल सोल चौकात लोक भ्रष्टाचाराविरुद्ध ठिय्या देऊन बसले होते, तेव्हाची एक घोषणा अशी: इतक्या चोरिथोंना पुरेल एवढा पावच नाही! तुम्ही सावंतवाडीच्या पारावर ऐकवून बघा, भाषांतराची गरज पडणार नाही.

पेन्शनच्या कागदाचं काय झालं ते कळवा. काकूला म्हणावं, सोलं संपत आलीत. कुणी मुंबईहून येणार असेल तर पाव किलो पाठव. तिला सा. न., छोटीला गोड पापा.

तुमचा,
बाळू