उशीखाली सापडलेला पंप

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

तुमची गाडी सुटली आणि मी माडीवरची अंथरुणं काढायला घेतली. सोहमच्या उशीखाली त्याचा दम्याचा रोजचा पंप सापडला. खोक्यावर 200 लिहिलंय, मागच्या खिडकीत उरलेल्या दाबांचा आकडा 194. नवा आणून महिना झाला असं तूच म्हणाली होतीस.

रागवायला लिहीत नाही. खोकत नाही, हुंदडतो, म्हणून थांबवलास ना? अगो, आधी दोन महिने नेमाने दिलास त्याचं हे सुख आहे. निळ्या पंपाने आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सुटतात, पण आतली सूज ह्या रोजच्यानेच उतरते, आणि तीही हळूहळू. एक सर्दी झाली की बघ.

स्टेरॉइड म्हणून तू घाबरलीस. मीही घाबरले होते. पंपाची सवय लागते असं तुझी आजी म्हणायची, म्हणून तुला गोळ्याच दिल्या. गोळी अंगभर फिरते. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट छातीत जातं, हे मला आता कळलं.

तू चौथीत होतीस. श्रावणातली रात्र, चुलीत ओली लाकडं. श्वासागणिक तुझ्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ‘आई’ म्हणायलासुद्धा तुला दोनदा दम घ्यावा लागला. बाबांनी होडीवाल्याला उठवलं. दाभोळची खाडी ओलांडेपर्यंत मी तुझं नाक-तोंड पदराने झाकून धरलं होतं, पाऊस लागू नये म्हणून. तुझा होता नव्हता तो श्वास मीच कोंडत होते.

म्हणून सांगते. एका वेळी एकच दाब, मग पंपाला लावायच्या नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून, पाच-सहा श्वास, शेवटी चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू दे. फडक्याने पुसलास तर औषध त्याच्या भिंतींनाच चिकटतं. बोलता येईना, ओठ निळसर दिसले, तर निळा पंप देत देत 108 ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. बघ, पुन्हा शिकवायला लागले. तुला हे सगळं येतं, चुकलं माझं.

पण 194 गो, मेघना.

विसर्जनाला सोहम खाडीपर्यंत चालत आला, टाळ वाजवत, एकदाही न थांबता. बाबा मागे राहून डोळे पुसत होते. ह्या वर्षी धूप लावला नाही म्हणून काका कुरकुरले, कुरकुरू देत.

पंप उद्या बाळूच्या सुनेबरोबर पाठवते. तोवर डॉक्टरांना विचारून तिथे दुसरा घे, मध्ये खंड नको. रविवारी फोन करशील तेव्हा खिडकीतला आकडा सोहमलाच वाचायला सांग. शंभरच्या पुढचे येतात त्याला, परवा ओटीवर म्हणून दाखवले मला.

तुझी,
आई