कल्पनेतल्या प्राण्यालाही नियम हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पुरवणीत 'मनातला प्राणी' या सदरात चित्रांबरोबर काही मुलांनी नियमावलीही पाठवली होती: अंगावर कोणत्या खुणा चालतील, कोणत्या नाहीत वगैरे. त्यावर एका वाचकाने, कल्पनेला असलं कुंपण कशाला, असं विचारलं आहे. माझी सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. मला तर ती कुंपणं फार ठेंगणी वाटली.

माझी नात नववीत आहे. तिने आणि मैत्रिणींनी 'झुपका' नावाचा प्राणी काढलाय. कान सशाचे, अंग मुंगसाएवढं, शेपूट झुपकेदार. प्रत्येक झुपक्याचा वेगळा कागद, त्यावर जनुकांची अक्षरं. मोठं अक्षर प्रभावी, लहान अप्रभावी. पिल्लू हवं असेल तर आईबापांचे कागद शेजारी ठेवून फासा टाकायचा. वही आजोबांकडे तपासायला आली आणि आजोबांनी लाल पेन काढलं.

पहिली फुली शेपटीवर. अंगावर पट्टे आणि शेपटीवर ठिपके, असा एक झुपका होता. उलटं चालतं. चित्ता पाहा: अंगभर ठिपके, शेपटीच्या टोकाकडे कडी. गणितज्ञ अॅलन ट्यूरिंग यांनी नक्षी कशी उमटते यावर १९५२ मध्ये मांडलेल्या गणितावरून गणिती जेम्स मरे यांनी हे पुढे उलगडून दाखवलं. निमुळत्या शेपटीत जागा कमी, म्हणून ठिपके जुळून कडी होते. पण जे अंगाच्या ऐसपैस जागेत पट्टेच राहिले, ते शेपटीत जाऊन ठिपके होत नाहीत.

दुसरी फुली पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर मारली आणि पुसावी लागली. रंगाच्या पेशी गर्भात कण्याच्या बाजूने निघतात आणि दोन्ही अंगांनी खाली उतरतात. वाटेत कमी पडल्या तर सर्वांत लांबची जागा कोरी राहते: पाय, पोट, कपाळ, शेपटीचं टोक. म्हणून पायमोजे आणि कपाळावरचा चांद इतके प्राणी मिरवतात. मग कण्यावरच पांढरा पट्टा कसा? पण युरोपातल्या काही गुरांत तो असतो, कारण तिथे रंगाच्या पेशींशी संबंधित केआयटी जनुक असलेल्या तुकड्याची प्रत सहाव्या गुणसूत्रावरून एकोणतिसाव्यावर गेलेली आहे. तेव्हा पट्टा ठेवा, पण त्याला स्वतंत्र अक्षर द्या, असं सांगितलं. पोरींनी लगेच दिलं.

तिरंगी नर मात्र सहज काढू दिला नाही. मांजरात नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि नारिंगी एकाच अंगावर दिसायला सहसा दोन एक्स लागतात. असा बोका क्वचित जन्मतो आणि बहुधा वांझ असतो. झुपक्यांचा हा राजा तर बारा पिल्लांचा बाप होता!

खरा वाद झाला तो 'अतिदुर्मिळ' या रकान्यावर. त्यात सगळं देखणं कोंबलेलं, आणि एकाही खुणेला तोटा नाही. एका अतिदुर्मिळ झुपक्याच्या बदल्यात तीन साधे, असा भावही ठरलेला. इथे मी अडलो. कुत्र्यांत मर्ल म्हणून राखाडी चट्ट्यांचा रंग आहे. जनुकाची एक प्रत आली तर पिल्लू सुंदर. दोन्हीकडून आली तर बरंचसं पांढरं, आणि पुष्कळदा बहिरं किंवा डोळ्यांनी अधू. पांढऱ्या वाघाचंही तेच. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेला मोहन. १९५८ मध्ये त्याला त्याच्याच मुलीपासून, राधापासून, पहिले पांढरे बछडे झाले. पुढे तो रंग टिकवायला नात्यातच जोड्या लावत गेले. रंगासोबत तिरळेपणा आला, बाकीची दुखणी नात्यातल्या जोड्यांनी आणली. प्राणिसंग्रहालयात लोक रंगाचे फोटो काढतात.

आमच्याकडे देवणी जातीच्या गुरांचे तीन प्रकार रंगावरून सांगतात. वानेराचं अंग पांढरं, तोंडाच्या बाजू काळ्या. बालंक्या नखशिखांत पांढरी. शेवेराच्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. बाजारात शेतकरी रंग बघतोच, पण त्याआधी खूर उचलून बघतो, कास चाचपतो. 'रेअर कलर' म्हणून जादा पैसे मोजून पिल्लू आणणारी शहरी मंडळी हे करत नाहीत, आणि नंतर हाक मारली तरी वळत नाही म्हणून डॉक्टरकडे येतात.

"आजोबा, तोटा लिहिला तर दुर्मिळ कोणी घेणारच नाही," नात म्हणाली. न घेवोत. शेवटी तडजोड झाली: चट्टेरी झुपक्याची चट्टेरी झुपक्याशी जोडी बंद, आणि दुर्मिळ खुणेपुढे 'काय बिघडतं' असा नवा रकाना. राजाचं काय करायचं यावर अजून खल चालू आहे.

तेव्हा विनंती एवढीच की, पुढच्या वेळीही नियमावली गाळू नका. चित्राशेजारी छापा आणि त्यात हा एक रकाना मुलांकडून मागवा. आणि सदरात रंगवायला देता ती प्राण्याची बाह्यरेषा थोडी मोठी द्या. सध्याच्या आकारात शेपटीवर कडी काढायला पेन्सिलचं टोक मावत नाही.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, उदगीर (जि. लातूर)