टक्के छापता, मग माणसं किती तेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

'अमुक करणाऱ्यांना तमुक त्रास जास्त' अशा बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतात, टक्के ठळक अक्षरात असतात, पण एकूण किती जणांना विचारलं ते शोधूनही सापडत नाही. खरी मेख तिथेच आहे.

समजा रात्री जागणाऱ्यांपैकी ६०% लोकांचं डोकं दुखतं आणि लवकर झोपणाऱ्यांपैकी ४०% लोकांचं. वाचणारा म्हणणार, झालं, जागरणच नडलं. आता दोन्हीकडे २०-२० जणच असले तर टेबलात चार घरांत आकडे येतात १२, ८, ८, १२ (जागणाऱ्यांत डोकं दुखणारे १२, न दुखणारे ८; लवकर झोपणाऱ्यांत दुखणारे ८, न दुखणारे १२). दोन गोष्टींचा काही संबंधच नसता तर प्रत्येक घरात किती पडले असते हे काढायला ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज भागिले एकूण, म्हणजे इथे १०. फरक २, त्याचा वर्ग ४, भागिले १०, चारही घरं मिळून १.६. हाच तो काय-स्क्वेअर, म्हणजे खरे आकडे अपेक्षित आकड्यांपासून किती लांब आहेत त्याचं माप (मुलं 'ची' म्हणतात, म्हणू देत). दोन बाय दोनच्या टेबलाला ५% पातळीवर (संबंध नसतानाही शंभरात पाचदाच घडेल अशी हद्द) ३.८४ ओलांडावं लागतं, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. पण दोन्हीकडे २००-२०० माणसं घेतली तर उत्तर थेट १६! टक्के तेच हो, एकाचाही फरक नाही. ५०-५० घेतले तर अजून मजा, ४ येतं म्हणून पास, आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञाची १९३४ ची, कमी माणसं असताना लावायची दुरुस्ती लावली की ३.२४, नापास.

काही जण टक्केच सूत्रात टाकतात, मग माणसं २० असोत की २०० उत्तर कायम ८, ते साफ चूक.

चुका मोठ्यांच्याही झाल्यात. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये ही टेस्ट आणली पण अशा टेबलाला डिग्री ऑफ फ्रीडम (बेरजा ठरल्यावर किती घरं मोकळेपणाने भरता येतात तो आकडा, ३.८४ ची हद्द त्यावरच ठरते) ३ धरली, ती १ असते हे दुसरा संख्याशास्त्रज्ञ फिशर याने १९२२ मध्ये दाखवलं, त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. त्यामुळे वार्ताहरांवर माझा राग नाही.

आणि १६ आलं तरी संबंध आहे एवढंच कळतं, 'मुळे' कळत नाही. डोकं दुखतंय म्हणून झोप येत नसेल कदाचित! हेडिंगमध्ये मात्र 'मुळे' हमखास असतं.

तेव्हा पुढच्या वेळी ते चार आकडे तेवढे द्या, गुणाकार-भागाकार आम्ही घरी करू. जागा नसेल तर शेजारचा रंगीत ग्राफ जरा लहान करा.

आपला,
एक नेहमीचा वाचक